हिरवा सोमवार, लाल गुरुवार

१३ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेची नोंद प्रमुखानेच ठेवलेली बरी. कुणी वाचायची नाही. बायकोने तर नाहीच.

मी, लायल हॅगस्ट्रॉम, आजपासून ऑस्बर्ग–पाइक क्रॉसिंग जोडशाळेचा सुपरिंटेंडेंट. आधीचे साहेब उत्तरेला मासे धरायला गेले आणि तळ्यावरूनच राजीनामा पाठवला. भेकड लेकाचे. साथ आली की माणूस कळतो.

दारावर माझ्या नावाची पाटी लागली. नावाच्या वर ‘हंगामी’ अशी कागदी पट्टी चिकटवली आहे. बोर्डाच्या अध्यक्षा आर्डिस टोलेफसन म्हणाल्या, सप्टेंबरात शाळा सुरू करून दाखवा, ऑक्टोबरच्या मीटिंगपर्यंत बंद पडू देऊ नका, मग ही पट्टी मी स्वतः नखाने खरवडून काढते. बंद पडली तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. बंद पडणारच नाही.

संकल्प: चिडायचं नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं सांगितलंय. काही फोडायचं नाही, कशाला लाथ घालायची नाही. (दुपारी स्टेपलर भिंतीवर आपटला. तो यात धरायचा नाही, आधीच बिघडलेला होता.)

१६ जुलै, गुरुवार

सगळी मुलं एकदम आणता येत नाहीत. दोघांत सहा फूट अंतर हवं. म्हणजे निम्मी शाळेत, निम्मी घरी कॉम्प्युटरसमोर, मग अदलाबदल. याला हायब्रिड म्हणतात. कमिटीला एवढं समजावताना दोन पेन्सिली मोडल्या.

निम्मी करायची कशी, हा प्रश्न. आडनावाप्रमाणे केली तर सावत्र भावंडं वेगवेगळ्या दिवशी येणार. एका आईने फोनवर सांगितलं, तसं केलंत तर दोन्ही कार्टी तुमच्या ऑफिसात आणून खुर्चीला बांधीन.

अंघोळ करताना सुचलं. बसच्या रूटप्रमाणे. नदीच्या अलीकडचं, जिथं शाळा आहे ते ऑस्बर्ग सोमवार-मंगळवार. पलीकडचं पाइक क्रॉसिंग गुरुवार-शुक्रवार. बुधवारी साफसफाई, सगळ्यांनाच सुट्टी. भावंडं एकत्र, बस निम्म्या भरलेल्या, कुणाची तक्रार नाही. तसाच ओल्या अंगाने टेबलाशी बसून लिहून काढलं.

जेवताना डोरीनला दाखवलं. ती तिसरीला शिकवते आणि तिचं माहेर पाइक क्रॉसिंग, तेव्हा मत घ्यायला हरकत नव्हती. तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, लायल, अकरा वर्षांपूर्वी दोन शाळांची एक करताना किती जणांची डोकी फुटली, आठवतंय का? तू तिच्या परत दोन करतोयस. मी म्हटलं, याला गट म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडे याला ऑस्बर्गची दादागिरी म्हणतात.

जुनं उगाळत बसायची सवय आहे हिला. पूर्वी दर ऑक्टोबरात दोन गावांची फुटबॉल मॅच व्हायची. जिंकणाऱ्याला एक जुना दुधाचा कॅन मिळायचा आणि हरणाऱ्याला टाके. शाळा एक झाली तेव्हा तो कॅन अर्धा हिरवा, अर्धा लाल रंगवून दारातल्या काचेच्या कपाटात ठेवला. तेव्हापासून शांतता आहे. वीस वर्षं इथं राहतोय, मला कळत नाही का? शिवाय मी मूळचा डिमॉइनचा, दोघांतल्या कुठल्याच गावाचा नाही. म्हणून तर निःपक्षपाती.

४ ऑगस्ट, मंगळवार

मास्क. राज्याकडून आज येतात, उद्या येतात, करत आलेच नाहीत. पण तळघरात दोन्ही जुन्या शाळांच्या बँडचे गणवेश पेट्यांत सापडले. ऑस्बर्गचे हिरवे, पाइक क्रॉसिंगचे लाल. चांगलं जाड कापड. चर्चच्या बायका फुकट शिवून देताहेत. सोमवारवाल्यांना हिरवे, गुरुवारवाल्यांना लाल. कोण कुठल्या दिवसाचा ते लांबूनच ओळखू येईल.

डोरीनला सांगितलं. ती मागच्या अंगणात जाऊन कुऱ्हाडीने लाकडं फोडत बसली, ऑगस्टच्या उकाड्यात. हिवाळ्याची सोय झाली.

दुसरी कल्पना: पाइप. गोठ्याच्या सामानाच्या दुकानातून पांढरे प्लास्टिकचे पाइप आणून सहा-सहा फुटांचे कापून घेतले. प्रत्येक वर्गात एक. शिक्षकाने आडवा धरायचा, दोन मुलांनी दोन टोकांना उभं राहायचं. अंतर म्हणजे काय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

मेहुणा रँडी कुबियाक बोर्डावर आहे, पाइक क्रॉसिंगकडून. त्याने एक पाइप उचलून तोलून पाहिला, हवेत सणकन फिरवला आणि म्हणाला, हंगामी, झकास बसतोय रे हातात. माझ्या कामाचं त्याने केलेलं हे पहिलंच कौतुक. ‘हंगामी’ म्हणायची मात्र सवय लागली आहे त्याला.

१८ ऑगस्ट, मंगळवार

बोर्डाची जाहीर मीटिंग, जिममध्ये. खुर्च्या सहा फुटांवर. पालकांची गर्दी उदंड.

पाइक क्रॉसिंगवाल्यांचं म्हणणं, आठवड्यात सोमवार आधी येतो, म्हणजे ऑस्बर्ग पहिलं आणि आम्ही उष्टं खाणार. ऑस्बर्गवाल्यांचं म्हणणं, शुक्रवार त्यांना, म्हणजे फुटबॉलचा दिवस त्यांचा. मी उभा राहून दोघांनाही सांगितलं की तुमचं बरोबर आहे. मग एक खुर्ची उडत आली. ती माझ्यासाठी नव्हती, असं मला नंतर सांगण्यात आलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मोकळी चर्चा झाली. ऑस्बर्गच्या औषधवाल्याने पाइक क्रॉसिंगच्या एका शेतकऱ्याच्या दंडाचा चावा घेतला. मास्क खाली ओढून घेतला. हे नियमाविरुद्ध आहे, तसं मी माइकवरून लगेच सांगितलं. शेतकऱ्याने त्याचं डोकं स्कोअरबोर्डाच्या खांबावर दोनदा आपटलं. शेतकऱ्याने मास्क मात्र नीट लावलेला होता.

योजना मंजूर, चार विरुद्ध तीन. हिरवे चार, लाल तीन. अँब्युलन्सच्या लोकांनी हातमोजेसुद्धा घातले होते. असे लोक हवेत.

८ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली. ऑस्बर्गचा दिवस. हिरवे मास्क, रांगा, तापमान, सगळं पाइपच्या मापात. डोळे भरून आले. मुलांनी जाताना फळ्यावर गुरुवारवाल्यांसाठी निरोपही लिहिला. शब्द पुसावे लागले, पण भावना पोचली.

पट्टीचा एक कोपरा सुटत आलाय. मी हात लावला नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

लाल मुलांना लॉकरमध्ये माशांची आतडी मिळाली. उकाड्यात दोन दिवस मुरलेली. चौथीतल्या पोरीने तिथंच ओकारी केली आणि मग तोंड पुसून तीच आतडी हिरव्यांच्या बाकांत नीट भरून ठेवली. मला बरं वाटलं. दोन्ही गट एकमेकांना भेटत नाहीत, तरी संपर्क ठेवून आहेत.

डोरीन घरी आल्यावर म्हणाली, माझ्या वर्गात आठ वर्षांचं पोर विचारतं, हिरव्याला नाकावर मारायचं की गळ्यावर. मी विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, पाढे म्हण म्हटलं. चांगली शिक्षिका आहे ती.

१६ सप्टेंबर, बुधवार

नवी सुधारणा. कपाटातल्या कॅनवरून कुरबूर होती: हिरवी बाजू पुढं का? त्यावर उपाय काढला. दर बुधवारी आणि रविवारी मी स्वतः कपाट उघडून कॅन फिरवणार. सोमवार-मंगळवार हिरवी बाजू, गुरुवार-शुक्रवार लाल. एवढ्या साध्या गोष्टीला अकरा वर्षं कुणाचं डोकं चाललं नाही.

सोमवारी हिरव्यांच्या खुर्च्यांचे पाय अर्धे करवतलेले निघाले. एकाचं कॉलरबोन गेलं. सुतारकामाच्या सरांनी काप पाहून मान डोलावली.

किरकोळ: वर्गांतले बरेचसे पाइप सापडत नाहीत. मुलं घरीही अंतराचा सराव करत असणार.

२३ सप्टेंबर, बुधवार

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला बँडेज.

बुधवारी साफसफाई म्हणून दोन्ही गावांची पोरं मोकळी असतात, हे माझ्या लक्षात होतंच. ती पुलावर जमतात हे नव्हतं. फोन आला म्हणून लाउडस्पीकर घेऊन गेलो. पाहतो तर अर्धा पूल हिरवा, अर्धा लाल, प्रत्येकाच्या हातात माझा पाइप. पोरं मागं, बाप पुढं. सपासप चालले होते. रक्त, दात, कुणाची तरी टोपी नदीत वाहत चाललेली. पण एक गोष्ट मी बघताक्षणी टिपली आणि ती इथं लिहून ठेवतो. पाइप सहा फुटी असल्यामुळे कुणीही कुणाच्या सहा फुटांच्या आत जाऊ शकत नव्हतं. पुलावरच्या एवढ्या माणसांत अंतराचा नियम मोडणारा एकही नाही. मी लाउडस्पीकरवरून शाबासकी दिली.

मग मधोमध जाऊन प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. एक पाइप उचलला, हात लांब करून गोल फिरवला, की बघा, एवढं अंतर. तो आर्डिसबाईंच्या नवऱ्याच्या, हार्लनच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले. त्याने माझी बोटं बुटाखाली घेतली. मी म्हणे ओरडत त्याला आणखी दोन घातले, असं लोक सांगतात. मला तसं आठवत नाही. ब्लडप्रेशरची गोळी सकाळी घेतली होती.

तेवढ्यात रँडी धावत आला. मला वाटलं मदतीला. त्याने माझं नाक फोडलं. खाली पडल्यावर वाकून म्हणाला, हंगामी, हार्लनला मी शाळेत असल्यापासून राखून ठेवलाय, एवढं कळत नाही तुला?

हॉस्पिटलात चार तास बाहेर बसवलं. सगळीकडे खोकणारी माणसं. नाकाला भलं मोठं बँडेज बांधलंय, त्यावर मास्क बसत नाही. डॉक्टर म्हणाले, मग घरीच बसा. डॉक्टरांना मोहिमा चालवाव्या लागत नाहीत.

२४ सप्टेंबर, गुरुवार

काल कॅन फिरवायचा राहिला.

लाल मुलं सकाळी दारातून आत आली तो समोर हिरवी बाजू. कपाटाची काच गेली. ऑफिसची काच गेली. कॅन बाहेर नेऊन बसच्या पुढच्या काचेतून आत फेकला. ड्रायव्हर सीटवर नव्हता, हे नशीब. शाळा मात्र तीन तासांनंतर परत भरली. बंद पडली नाही. बंद पडली नाही हे अधोरेखित करतो.

२७ सप्टेंबर, रविवार

आम्ही राहतो ऑस्बर्गात. आज जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीट आली, तिला हिरवी चिंधी बांधलेली. डोरीनच्या कानाजवळून गेली. कानशिलावर काच लागली, रक्त गळ्यापर्यंत आलं. तिने टॉवेल दाबून धरला आणि बॅग भरायला लागली. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्यावरून घर सोडतात का? ती म्हणाली, लायल, मी लाल आहे, तूच ठरवलंस. रँडीकडे जाते.

मी म्हटलं, ठीक आहे, तात्पुरती सोय म्हणून वाईट नाही. थोडे दिवस तू तिकडे, मी इकडे, मधेमधे फोन. ती दारात थांबली. म्हणाली, वीस वर्षं झाली, एकदा तरी विचार, की मला काय वाटतं. मी विचारणारच होतो, पण गाडी निघून गेली.

घर फार शांत झालंय. वाईट वाटतंय. प्रिंटरला लाथ घातली. प्रिंटर घरचा आहे, शाळेचा नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

टपालपेट्या. रोज धावत्या पिकअपमधून बॅटने फोडताहेत, दोन्ही गावांत. आणि आता शाळा परत वेगळ्या करायचा अर्ज फिरतोय. वेगळ्या झाल्या तर सुपरिंटेंडेंट कशाचा राहणार मी?

पण आकडा बघा. शाळा सुरू होऊन तीन आठवडे, आजारी एकही नाही. शून्य. आजूबाजूच्या सगळ्या शाळा बंद पडल्या, आमची चालू. कारण उघड आहे. ऑस्बर्गचा माणूस पाइक क्रॉसिंगच्या हवेतसुद्धा जात नाही. शाळेच्या बस सोडल्या तर पूल रिकामा असतो. एवढं कडक विलगीकरण सरकारला जमलं नसतं.

ठरवलं: अर्ज थांबवायचा, दिलजमाई करायची. स्वतः घरोघर जाणार. एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसायचं, हात मिळवायचा, वाढतील ते खायचं. इथं माणूस ताटावरच सैल होतो.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

चांगला प्रतिसाद. पाइक क्रॉसिंगात सहा घरं. एकाने दारातच बंदूक रोखली, पण त्याच्या बायकोने आत घेऊन ओव्हनमधली मांस-बटाट्याची हॉटडिश वाढली. फुटलेलं नाक बघून लोकांना बरं वाटतं, मन मोकळं करतात. मास्क घालता येत नाही त्यामुळे चेहरा दिसतो, विश्वास बसतो. थोडी कणकण आहे. दगदगीने.

रँडीकडेही गेलो. त्याने बिअर दिली. एकाच बाटलीतून प्यालो, समेटाची खूण म्हणून. हे त्यालाही आवडलं. डोरीन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली, मास्क लावून. जवळ ये म्हटलं तर म्हणाली, तू खोकतोयस. मी म्हटलं, नाकातलं रक्त घशात उतरतं.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज ऑस्बर्ग. आर्डिसबाईंकडे हार्लनची माफी मागितली. दात नसल्यामुळे तो काही बोलू शकला नाही, पण हात बराच वेळ धरून ठेवला. पिळत होता, तरी धरला हे महत्त्वाचं.

एक शोध लागला, लिहून ठेवतो. पाइक क्रॉसिंगच्या हॉटडिशला काडीचीही चव नाही. आज पाहिलं तर ऑस्बर्गच्याही नाही. कॉफीला वास नाही, इकडेही नाही आणि तिकडेही. तीस-चाळीस वर्षं एकमेकांचे गळे धरणाऱ्या या दोन गावांत काही फरकच नाही. मीटिंगमधल्या भाषणाचा शेवट याच मुद्द्यावर करायचा. लोक रडतील.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सर्दी. जिना चढताना धाप. नाकामुळे. आज पलीकडे शेवटची घरं उरकली. अर्जावरच्या सह्या थांबल्या आहेत, कारण अर्ज फिरवणारा माणूस अंथरुणाला खिळलाय. त्याच्याकडे मी मंगळवारी जेवलो होतो. बेत साधतोय.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

हिरव्यांत निम्मे गैरहजर. मुलं तापलेली, शिक्षक तापलेले. हे पलीकडच्यांनी केलं, असं ऑस्बर्ग म्हणतंय. पलीकडेही तेच चाललंय, आणि ते ऑस्बर्गला शिव्या देताहेत. हार्लनला ऑक्सिजन लावलाय. रँडीचा फोन आला. आवाज इतका बारीक की ओळखू आला नाही. हंगामी, म्हणाला, आणि पुढं नुसताच खोकला. मला शिवी तरी दे म्हटलं. ती त्याला जमली नाही.

हे कुठून आलं ते शोधून काढणार आणि त्याची हाडं मोकळी करणार. जो कोणी असेल तो.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

काउंटीची नर्स आली, अंगणात उभी राहिली. माझ्या नाकात काडी घातली, मोडलेल्या बाजूनेच. मग नकाशा उलगडून कुंपणाला टांगला. आजारी घरांवर टाचण्या. दोन गावं, मधे नदी. ऑस्बर्गच्या टाचण्या आपसात दोऱ्याने जोडलेल्या, पाइक क्रॉसिंगच्या आपसात. पुलावरून जाणारा दोरा एकच.

मी विचारलं, हा कोण हरामखोर? तिने दोऱ्यावरून बोट फिरवत नेलं. दोऱ्याचं टोक माझ्या घरात शिरत होतं. मी म्हटलं, नकाशा उलटा धरलाय का तुम्ही? नर्स म्हणाली, मिस्टर हॅगस्ट्रॉम, आत जा आणि दार लावून घ्या.

शाळा आजपासून बंद. दोन्ही दिवसांची.

१८ ऑक्टोबर, रविवार

ताप. पडून आहे. रँडीला घरी सोडलं, हार्लनचाही ऑक्सिजन काढला, असं नर्सने फोनवर सांगितलं. दोघांना हॉस्पिटलात एकाच खोलीत ठेवलं होतं. मारामारी झाली का विचारलं. नाही म्हणाली, दोघं दिवसभर तुमच्याविषयी बोलायचे.

फोडायला घरात काही उरलेलं नाही. तसा जोरही नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

काल बोर्डाची मीटिंग झाली, कॉम्प्युटरवर. माझा आवाज त्यांनी बंद केला होता. भाषण तरीही पूर्ण केलं.

सकाळी आर्डिसबाईंचा फोन. म्हणाल्या, लायल, ठरल्याप्रमाणे पट्टी मी नखाने खरवडून काढली. मी थँक यू म्हणालो. त्या म्हणाल्या, थांबा. खालची पाटीही काढली. सात विरुद्ध शून्य. जोडशाळा झाल्यापासून बोर्डात एकमत पहिल्यांदाच झालं. ठराव हार्लनने लिहून दिला आणि रँडीने मांडला. शाळाही एकत्रच राहणार, वेगळ्या करायचा अर्ज दोन्ही गावांनी मिळून फाडला. गाव जोडायची माझी कल्पना बरोबरच होती, एवढंच इथं नमूद करतो.

दुपारी अंगणात पावलं वाजली. डोरीन. मास्क लाल, कानशिलावर टाक्यांची खूण. ओसरीच्या पायरीवर सूपचं भांडं ठेवलं आणि पाइपने ढकलत ढकलत दारापर्यंत आणलं. बरोबर सहा फूट. पहिल्यांदाच तो पाइप कुणीतरी ज्या कामासाठी आणला होता त्या कामाला वापरला. मी तसं तिला सांगितलं. ती हसली नाही, पण गेलीही नाही.

मी दाराआडून विचारलं, तुला काय वाटतं? तिने पाइप भांड्यापासून मागे ओढून घेतला. म्हणाली, मला वाटतं तू सूप पी. मग मी विचारलं, घरी कधी येणार? म्हणाली, ऑस्बर्गात मी गुरुवारी-शुक्रवारीच यायची, असा तुझाच नियम आहे ना? आणि पाइप खांद्यावर टाकून पुलाच्या दिशेने चालू लागली.

उद्या गुरुवार. ती थट्टा करत होती की नाही, कळलं नाही. योजनेचा कागद काढून पुन्हा वाचला. हिरवे कोण ते आहे, लाल कोण ते आहे. मी कुठल्या दिवसाचा, ते त्यात कुठंच लिहिलेलं नाही. सूप गार झालं होतं. चव लागली नाही, पण संपवलं.